वजनकाट्यांची खोली

६ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

टिल्लीची बॅग न्यायला तुझे हे आले होते, त्यांच्या हातून तुझी चिठ्ठी मिळाली. फोन करू नकोस, घंटी वाजली की पोरगी भिंतीला चिकटून बसते, असं लिहिलं आहेस. नाही करत बाई. तसाही माझा फोन आता माझा राहिलेला नाही. विद्यापीठाचे वकील म्हणतात, फोनवर आणि कॉम्प्युटरवर एक अक्षर लिहायचं नाही, उद्या कोर्टात वाचून दाखवतील. तेव्हा आईच्या वेळेसारखी कागद-पेन घेऊन बसले आहे. माझं अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. सांभाळून घे.

पेपरात सगळं आलंच आहे. पण तुला माझ्या तोंडानं सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. संशोधनातून काढून टाकलेला तो मुलगा बंदूक घेऊन रसायनशास्त्राच्या इमारतीत शिरला. आठ विद्यार्थी आणि एक शिक्षक गेले, शेवटी त्यानं स्वतःला संपवलं. मी तेव्हा समोरच्या इमारतीत बजेटच्या मीटिंगला बसले होते आणि बिस्किट खात होते. आवाज आला तेव्हा मला वाटलं कुणीतरी कपाट पाडलं, आणि आता याचाही खर्च मागायला येतील म्हणून मी वैतागले. कुलगुरू म्हणे.

आपली टिल्ली दुसऱ्या मजल्यावर, रसायनं तोलतात त्या वजनकाट्यांच्या खोलीत होती, दाराला आतून कडी होती, म्हणून वाचली. तिची वसतिगृहातली जोडीदारीण, जिराफ, वाचली नाही. ती उंच पोर सुट्टीत तुझ्याकडे यायची, चौकटीला डोकं आपटायची आणि सॉरी तूच म्हणायचीस, ते सारखं डोळ्यांसमोर येतं. त्या दोघी शेजारी उभ्या राहिल्या की सगळा वर्ग हसायचा.

तेव्हापासून मी दवाखाने आणि गेलेल्यांची घरं फिरते आहे. काय बोलायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. एका वडिलांनी माझा हात धरला तो सोडेचनात, दुसऱ्या घरी तोंडावर सांगितलं की निघा. वसतिगृहं रिकामी झाली. प्राध्यापक येऊन विचारतात, आता काय करायचं मॅडम, जसं काही मी हे आधी दोन-चारदा करून बसले आहे. मी त्यांना काहीतरी ठामपणे सांगते आणि केबिनमध्ये जाऊन हातपाय गाळून बसते. तुझे भावोजी रोज डबा पाठवतात आणि तो रोज तसाच परत जातो, म्हणून ते रुसले आहेत.

टिल्ली जेवते का? झोपते का? तिला म्हणावं, मावशी आहे.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

डबा खात जा. तुला चक्कर आली तर विद्यापीठ तुझे भावोजी चालवणार आहेत का?

टिल्ली जेवते, पुढ्यात ठेवलं तर. झोपते का ते मला कळत नाही, डोळे मिटलेले असतात. बोलत नाही. पण फोनपेक्षा वाईट म्हणजे दारावरची थाप. तुला माहीत आहे, शिवायला टाकणाऱ्या बायका दिवसभर माझ्या दारात. कुणी मापाला, कुणी तयार कोट न्यायला, कुणी नुसती गप्पा मारायला. एकीनं परवा दार ठोकलं, तर ही न्हाणीघरात उलट्या करत होती. दाराची घंटी मी काढून टाकली. दारावर कागद चिकटवला, ठोकू नका, सरळ आत या. तरी लोक कागद वाचतात आणि ठोकतात.

मग टिल्लीनं स्वतःच दार सताड उघडलं आणि त्याला शिलाई मशीनचा जुना पाय लावून ठेवला. तेव्हापासून आमच्या घरात एकही दार लावायचं नाही. पुढचं नाही, मागचं नाही, न्हाणीघराचंसुद्धा नाही. हे आंघोळीला गेले की मोठमोठ्यानं शीळ वाजवतात, म्हणजे कुणी चुकून जाऊ नये. थंडी इतकी आत येते की मी मोजे घालून मशीन चालवते. कुणाचं तरी मांजर येऊन शाळेच्या गणवेशांच्या गठ्ठ्यावर राहायलाच आलं आहे. चोर आला तर त्यालाही चहा विचारायची वेळ आहे.

इतक्या दिवसांत तिनं स्वतःहून एकच प्रश्न विचारला. मावशी जिराफच्या आईला भेटली का? मी म्हटलं, भेटली असेल. काय म्हणाली ती? मी म्हटलं, मला कसं माहीत. मग तोंड फिरवून पडून राहिली.

भेटली असशील तर लिही. आणि तिथल्या एखाद्या जाणकार माणसाला हे दारांचं विचार. माझी पोर माझ्या हातून चालली आहे, ताई. मी समोर बसून काजं-बटणं करते आहे आणि ती चालली आहे.

बेबी


२ मार्च

प्रिय बेबी,

मांजराचं वाचून इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. तुझे भावोजी धावत आले, त्यांना वाटलं रडते आहे.

दारांचं मी इथल्या समुपदेशक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हे अगदी नेहमीचं. कोंडून राहिलेल्या माणसाला पळायला वाट मोकळी लागते. तेव्हा घाबरू नकोस, तिच्यासमोर एकेक दार जरा जरा लोटत जा, सवय होईल. जिराफच्या आईला मी भेटले. बाईंनी लेकीचे बूट तेवढे मागितले, ते चौकशीवाल्यांकडे आहेत.

आता माझं रडगाणं ऐक. सतरा तारखेला विद्यापीठ उघडायचं ठरलं आहे. ठरलं म्हणजे मी ठरवलं, बाकीच्यांनी माना खाली घातल्या. व्यवस्थापनातले एक गृहस्थ म्हणतात इमारत पाडा. दुसरे म्हणतात भिंतींना पिवळा रंग द्या, मन प्रसन्न राहतं. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच ब्रश घेऊन या. रसायनशास्त्राचे निम्मे शिक्षक तो जिना चढायला तयार नाहीत आणि मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? मी रोज सकाळी एकटी तो जिना चढते आणि वर जाऊन कठडा घट्ट धरून उभी राहते. मुलं परत आली नाहीत तर हे संपलं, बेबी. मी फीबद्दल बोलत नाही. मुलांनी ही जागा सोडली तर त्यानं उरलेलीही सगळी मारली असंच होईल, आणि ते मी डोळ्यांनी बघायचं.

एका गोष्टीच्या आधारावर मी उभी आहे. चौकशी समितीचा पहिला अहवाल आला. गोळीबार सुरू झाल्या झाल्या आमच्याकडून सगळ्यांच्या फोनवर सूचना गेली, तिच्यामुळे पुष्कळ जीव वाचले असं त्यांनी लिहिलं आहे. त्या सूचनेतलं एक वाक्य माझं आहे. गेल्या वर्षी मसुदा करताना कुलसचिव नको नको म्हणत होते, फार निष्ठुर वाटतं म्हणाले. मी हट्टानं घातलं. "ओळखीचा आवाज आला तरी दार उघडू नका." समितीनं नेमकं तेच वाक्य वाखाणलं आहे. टिल्लीला हे वाचून दाखव. तिनं दार लावून ठेवलं म्हणून ती आज तुझ्या घरात आहे.

आणि आता तुला आवडणार नाही ते. सतराला टिल्लीला पाठव. परवा पालकांच्या सभेत एक बाई उठून म्हणाल्या, तुमची स्वतःची भाची घरी बसली आहे आणि आमची मुलं बोलावता होय? सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच. वर्गात बसायला नको, नुसतं फाटकातून माझ्याबरोबर आत आली तरी पुरे. मी तिचा हात सोडणार नाही. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

ताई


९ मार्च

ताई,

टिल्ली येणार नाही. फाटकातून नाही, हात धरून नाही, कशीच नाही. पेपरात काय छापून येतं ते मला सांगू नकोस. कारण विचारू नकोस.

यापुढे पत्रं माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस. समोरच्या चष्म्याच्या दुकानदारांच्या पत्त्यावर पाठव, ते मला आणून देतील. आणि त्या समुपदेशक बाईंना म्हणावं, माझ्या घरातली दारं आहेत तशीच राहतील.

बेबी


२३ मार्च

प्रिय बेबी,

तुझं पत्र वाचून आधी डोकं फिरलं. धाकटी बहीण आहेस म्हणून ऐकून घेतलं. मग वाटलं, मी मागितलं तेच चूक होतं. लेकराला शोभेसाठी फाटकात उभं करायला निघाले होते. जाऊ दे.

विद्यापीठ उघडलं. म्हणजे फाटक उघडलं. निम्मीसुद्धा मुलं आली नाहीत, आणि आली त्यातली काही माझ्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसली आहेत, कुलगुरू राजीनामा द्या असा फलक घेऊन. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्या मुलानं धमक्या दिल्याचं आमच्या कार्यालयात तीनदा आलं होतं आणि आम्ही समिती नेमली होती. समित्या नेमण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

पहिल्या दिवशी मी संख्याशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले, मुलांना जरा धीर यावा म्हणून. तास सुरू होतो तोच एका मुलीनं उठून दार लावलं, कडी घातली. एका मुलानं उठून ते उघडलं. तिनं पुन्हा लावलं. तो म्हणाला, मला श्वास घेता येत नाही. ती म्हणाली, मला तर मरायचं नाहीये. मग सगळा वर्गच दोन्हीकडून ओरडायला लागला, काही जण रडायला लागले. मी कुलगुरू, मी काय करावं? शेवटी तास घेणाऱ्या जाड्या मास्तरांनी आपली खुर्ची उचलून बरोबर उंबऱ्यात ठेवली आणि अर्धे आत अर्धे बाहेर असे बसून शिकवलं. फळ्यावर लिहायला ते उठले की सगळी डोकी दाराकडे वळत. आता प्रत्येक वर्गात तेच चाललं आहे, शिक्षक उंबऱ्यात. असं किती दिवस चालणार मला ठाऊक नाही.

आणि जिराफची आई. ती रोज येते. माझ्या केबिनबाहेरच्या बाकावर बसते, पाण्याची बाटली स्वतःची आणते, आमचा चहा घेत नाही. संध्याकाळी उठून जाते. काल मी बाहेर येऊन तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, माझी मुलगी वजनकाट्यांच्या खोलीच्या दारापाशी सापडली. दार बंद होतं. आत कोण होतं? समितीनं नावं सांगायला मनाई केली आहे. पण बेबी, तिच्या तोंडाकडे बघून मला ते नियम-बियम पाळता आले नाहीत. मी म्हटलं, आत माझी भाची होती, तुमच्या मुलीची जिवलग मैत्रीण. त्या खोलीचं दार जाड असतं, आतून रबर लावलेलं, काट्यांना वारा लागू नये म्हणून. आत काही ऐकू गेलं नसणार. माझी भाची स्वतः येऊन तुम्हाला सगळं सांगेल.

असं मी कबूल करून बसले आहे. फाटक नको, पेपर नको, कुणालाही कळणार नाही. एवढ्या एका बाईला टिल्लीनं भेटावं. तिच्या गळ्यात पडून दोघी रडतील तरी. मला वाटतं टिल्लीलाही त्यानं बरं वाटेल.

ताई


२७ मार्च

ताई,

तू काय करून बसलीस?

ऐकू गेलं होतं. सगळं ऐकू गेलं होतं.

तुझं ते वाखाणलेल्या वाक्याचं पत्र मशीनवर राहिलं होतं. मी बाजारातून आले तर टिल्ली ते हातात घेऊन उभी. मला म्हणाली, आई, मावशीनं सांगितलंच होतं ना, ओळखीचा आवाज आला तरी उघडायचं नाही. मग मी बरोबर केलं ना? मी म्हटलं, काय बरोबर केलंस? तेव्हा तिनं सांगितलं.

जिराफ प्रयोगाची काचेची भांडी धुवायला व्हरांड्याच्या टोकाला गेली होती. आवाज सुरू झाल्यावर टिल्लीनं कडी घातली. मग जिराफ आली. तिनं दार ठोकलं, तेही हळू, बोटांनी. त्या खोलीत म्हणे तशीच पद्धत आहे, आत कुणी वजन घेत असलं तर काटा हलू नये म्हणून हळू ठोकायचं आणि थांबायचं. गोळ्या चालल्या होत्या आणि ती पोर हळू ठोकत होती. "टिल्ले, मी आहे. उघड ना." टिल्लीचा हात कडीवर होता. तिनं उघडलं नाही. मग ठोकणं थांबलं.

तुझ्या समुपदेशक बाईंना सांग, ती पळून जायला दारं उघडी ठेवत नाही. कुणाला ठोकायला लागू नये म्हणून ठेवते.

मी तिला लगेच म्हटलं, बरोबर केलंस. मावशीचाच हुकूम होता, तू बरोबर केलंस. तेव्हापासून दिवसातून दहादा तेच विचारते आणि मी दहादा तेच म्हणते. जिराफ माझ्या हातचं जेवून गेलेली पोर, ताई. तिच्या कोटाच्या बाह्या मी दोनदा लांब करून दिल्या. आणि खरं सांगू? मला माझी मुलगी दाराच्या आतच हवी होती. अजूनही आतच हवी आहे, दुसरीची बाहेर राहिली तरी. हे लिहिताना माझी मला लाज वाटते, पण खोडणार नाही.

म्हणून मी तुला तोडून बोलले. आता तू त्या बाईला शब्द देऊन मोकळी झालीस. ती रोज बाकावर बसून माझ्या मुलीची वाट बघणार. तूच वाक्य लिहिलंस, तूच शब्द दिलास, आता तूच निस्तर.

बेबी


३१ मार्च

प्रिय टिल्ली,

हे पत्र मी तुला लिहिते आहे, आईला नाही, म्हणून घरच्याच पत्त्यावर टाकते आहे. आईनं मला सगळं कळवलं. तिच्यावर रागावू नकोस, तिचा जीव टांगणीला लागला आहे.

नीट ऐक. तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस. ते वाक्य माझं आहे. सगळे नको म्हणत असताना मी ते घातलं, कारण मला फार कळतं असा माझा समज होता. खुर्चीत बसून मी असा हुकूम लिहिला की जो पाळायला माणसाला दगड व्हावं लागतं, आणि पाळायची वेळ माझ्याच लेकरावर आली. तू सांगितलं तेवढं केलंस. दोष असेल तर सांगणाऱ्याचा.

मी राजीनामा लिहून ठेवला आहे. सोमवारी जिराफच्या आईला केबिनमध्ये बोलावून सांगणार आहे की तुमच्या मुलीसाठी दार उघडलं गेलं नाही ते माझ्या हुकुमामुळे, काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या. तुला यायची गरज नाही. तुझं नाव मी एकदा घेतलं ती घोडचूक झाली, पुन्हा घेणार नाही. तू जेव, झोप, मांजराशी खेळ. बाकी सगळं मावशीच्या डोक्यावर टाक. हे डोकं चांगलं मोठं आहे, तुझे काका म्हणतात तसं.

मावशी


४ एप्रिल

मावशी,

आईला न सांगता लिहिते आहे. सोमवारी काही बोलू नकोस. हे पत्र वेळेवर पोचावं म्हणून मी स्वतः पोस्टात जाऊन टाकणार आहे. बऱ्याच दिवसांनी बाहेर पडणार आहे, तर गल्लीत भूकंप होईल.

तुझी सूचना मला आलीच नव्हती. वजनकाट्यांच्या खोलीत फोन नेत नाहीत. बाहेरच्या फळीवर ठेवून आत जायचं असतं. तू इतिहासवाली, तुला माहीत नाही, पण पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ते माहीत असतं. समितीलाही कुणी सांगितलं नाही वाटतं. आणि गेल्या वर्षी सुरक्षेचा सराव झाला, त्याला मी आणि जिराफनं दांडी मारली होती. खोलीवर पडून सिनेमा बघितला. ते वाक्य मी जन्मात पहिल्यांदा वाचलं ते आईच्या मशीनवर, तुझ्या पत्रात.

वाचलं तेव्हा इतकं बरं वाटलं की काय सांगू. वाटलं, चला, कुणीतरी सांगितलं होतं. आईला तसंच म्हटलं, आणि आई म्हणाली बरोबर केलंस. मग मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले, कारण प्रत्येक वेळी ते थोडा वेळच पुरायचं.

मला कुणी हुकूम दिला नव्हता मावशी. मी तिचं ठोकणं ऐकलं. जिराफच आहे हे मला पक्कं माहीत होतं. ती कशी ठोकते ते मी झोपेतही ओळखते. आत दोन ज्युनिअर मुली होत्या, त्या माझ्या मागे खाली बसल्या होत्या. उघड म्हणाल्या नाहीत आणि नको उघडू असंही म्हणाल्या नाहीत. ती माझं नाव घेत होती आणि मी कडी दाबून धरली. मी काही विचार केला नाही. मला भीती वाटली, बस. एवढंच आहे ते. त्या दोघी वाचल्या असं समिती लिहील, पण मी त्यांच्यासाठी नव्हती धरली.

ती भांडीपण माझीच होती. आमच्यात ठरलेलं, वजनं मी घ्यायची आणि दोघींची भांडी तिनं धुवायची, कारण मला त्या नळापर्यंत हात पोचवायला स्टूल लागायचं.

तू सगळं तुझ्या अंगावर घेशील, राजीनामा देशील, तुझ्या पायऱ्यांवरची मुलं टाळ्या वाजवतील आणि जिराफच्या आईला खोटंच कळेल. तिला ते खोटं घेऊन घरी जावं लागेल. मग मी तिला कधीच काही सांगू शकणार नाही, कारण तुला खोटं पाडावं लागेल. तुला द्यायचा तर राजीनामा दे, पण तो माझ्या नावावर देऊ नकोस. धमक्यांवर समिती नेमलीत त्याच्यासाठी दे.

मी सोमवारी येते. बाबांना सोडायला सांगेन. तू केबिनमध्ये बस हवं तर, पण कुलगुरू म्हणून बसू नकोस, आणि मध्ये बोलू नकोस. मी थांबले तरी बोलू नकोस.

टिल्ली


१२ एप्रिल

प्रिय बेबी,

तू घाबरी होऊन चष्म्याच्या दुकानदारांच्या फोनवरून माझ्या कार्यालयात निरोपावर निरोप ठेवते आहेस. आधीच सांगते, टिल्ली सुखरूप आहे, पलीकडच्या खोलीत झोपली आहे. तुला न सांगता आली त्याबद्दल तू मला फाडून खाणार, ते नंतर.

माझा राजीनामा खणात आहे. तो द्यायचा आहे, पण त्याआधी पायऱ्यांवरच्या मुलांसमोर जाऊन मी सांगितलं की तीनदा तक्रार आली होती आणि आम्ही काय केलं. तारखांसकट सांगितलं. वकील कपाळाला हात लावून बसले. मुलं टाळ्या वाजवायला विसरली. एकानं विचारलं, मग आता? मी म्हटलं, हे वर्ष पुरं होईपर्यंत मला राहू द्या, मग घालवून द्या. त्यांनी अजून काही ठरवलेलं नाही. रोज मी तास-अर्धा तास त्यांच्यात जाऊन बसते.

आता सोमवारचं. तुझे हे टिल्लीला सोडून गेले तेव्हा जिराफची आई बाकावर होतीच. दोघींनी एकमेकींना ओळखलं. आम्ही तिघी केबिनमध्ये बसलो. टिल्लीनं दार उघडंच ठेवायला सांगितलं, आणि माझे कारकून, शिपाई, येणारेजाणारे सगळे दिसत असताना तिनं पहिल्यापासून सांगितलं. भांडी, नळ, ठोकणं, काय शब्द होते, तिचा हात कुठे होता. भीती वाटली म्हणून उघडलं नाही, असं म्हणाली. मध्ये एकदा ती थांबली. इतकी थांबली की मला वाटलं आता ही पडणार. बेबी, आयुष्यभर मी लोकांच्या वाक्यांत माझी वाक्यं घुसवत आले. तेव्हा जीभ चावून बसले. मग ती पुन्हा बोलायला लागली.

जिराफच्या आईनं सगळं ऐकून घेतलं. तिनं एकच विचारलं, ती रडत होती का? टिल्ली म्हणाली, नाही, घाईत होती. मग बाई उठल्या आणि निघून गेल्या. पाण्याची बाटलीसुद्धा विसरल्या. टिल्ली खुर्चीतच बसून राहिली. मला वाटलं आपण पोरीला मारलं.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली नाही. बाक रिकामा. तिसऱ्या दिवशीही नाही. टिल्ली घरी जायला तयार नव्हती, त्या बाकावर जाऊन बसायची. काल बाई आल्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मी आतून बघत होते, उठले नाही. मग बाईंनी बोलायला सुरुवात केली, आणि त्या हळू बोलणाऱ्यांतल्या नाहीत, मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"मी तुला माफबिफ करणार नाही. तसलं काही मनात आणू नकोस. तुझं तोंड बघवत नाही मला. पण उद्या परत ये. चार वर्षं ती माझ्यापेक्षा जास्त तुझ्याजवळ राहिली. सकाळी कधी उठायची, कशावर हसायची, मला काही माहीत नाही, आणि विचारायला मला दुसरं कुणी नाही."

आज सकाळी टिल्ली गेली होती. उद्याही जाणार आहे. तिचे उन्हाळ्याचे कपडे पाठवून दे.

तुझी ताई